मॅड्रनची विहीर

आज इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये मॅड्रनच्या जुन्या विहिरीवर जाऊन आले. पेन्झान्स गावापासून जवळच. विहीर म्हणजे रहाट-कठडा असलं काही नाही, झाडीतल्या दलदलीत झिरपणारा झरा. पण त्याआधीच दिसतात चिंध्यांनी लगडलेल्या फांद्या! दुखऱ्या भागाला लावलेली चिंधी इथे बांधायची. ती कुजत जाते तसं दुखणं ओसरतं, अशी समजूत. एका फांदीला बाळाचा मोजा होता, शेवाळाने हिरवा झालेला. तिथून पाय निघेना. नायलॉनच्या फिती बघून मात्र फार वाईट वाटलं. त्या कुजणार कशा? उलट सालीत रुततात.

पुढे छप्पर नसलेलं दगडी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे, त्याच्या कोपऱ्यातल्या कुंडात पाणी येतं. सतराव्या शतकात जॉन ट्रेलिल नावाचा, 16 वर्षं हातांवर चालणारा अपंग माणूस इथल्या पाण्याने बरा झाला, असं एक्सेटरचे बिशप जोसेफ हॉल यांनी चौकशी करून लिहून ठेवलंय.

मी आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी नेली होती, तिच्या गुडघ्यांसाठी. बांधली आणि तिथूनच तिला फोन केला. म्हणाली, "गाठ सैल ठेवलीस ना गं? झाडाला लागेल."