जर्मनीत सोप्रानो व्हायचं तर आधी ‘फाख’ ठरवा

आपल्याकडे गायिका आपला सा आपणच निवडते. काळी पाच चढी वाटली तर तंबोरे काळी चारमध्ये लागतात आणि रागाला काही धक्का बसत नाही. ऑपेरात सोप्रानोची, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजाची, पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधली रात्रीची राणी पेटीवरच्या मधल्या पांढरी चारच्या दोन सप्तकं वर पोचते. तो स्वर प्रत्येक प्रयोगात खात्रीने लागत नसेल तर ही भूमिका घेऊ नये. शिवाय माइक नसतो आणि समोर अख्खा वाद्यवृंद वाजत असतो.

म्हणून इथे नोकरी मागताना पहिला प्रश्न येतो तो फाखचा. फाख म्हणजे आवाजाची जात आणि तिला पेलणाऱ्या भूमिका. हलका, चपळ आवाज सूब्रेट. तिच्या वाट्याला ‘फिगारो’तली सुझाना किंवा ‘कोसी फान तुत्ते’तली देस्पिना येते. लिरिक, म्हणजे मऊ, गोलाईदार आवाजाला ‘मॅजिक फ्लूट’मधली पामिना, ‘ला बोएम’मधली मिमी. त्याहून भरदार आवाजाला ‘फ्राइशुट्झ’मधली आगाथे, आणि सगळ्यांत शेवटी वाग्नरची ब्र्युनहिल्ड. पंचविशीत भरदार भूमिकांच्या मागे लागू नका. निरोगी आवाजातला कंप सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा होतो. ताण देऊन गायलं की तो मंदावतो, पसरतो आणि स्वर डुलायला लागतो. हे ऐकणाऱ्यांना लगेच कळतं.

ऑडिशनला ५ आरिया (ऑपेरातली एकटीने गायची गाणी) तयार ठेवा, सगळ्या एकाच फाखच्या: मोझार्ट हवाच, शिवाय जर्मन, इटालियन, फ्रेंच. पहिली तुम्ही निवडता, दुसरी समोरचे मागतात. म्हणून यादी भरण्यासाठी कच्ची आरिया घालू नका, नेमकी तीच मागितली जाऊ शकते. पियानोवादक तिथलाच असतो आणि तालीम मिळत नाही. स्वरलिपीची प्रत फाइलमध्ये नीट लावलेली, गाळलेले भाग ठळक खुणावलेले असावेत. लय सांगताना चुटक्या वाजवण्यापेक्षा पहिली ओळ हळू गुणगुणा.

निवड झाली की ऑपेरागृहाचा पगारी करार मिळतो, तोही हंगामापुरता. इथे ३१ ऑक्टोबर ही तारीख डोक्यात पक्की हवी. तोवर कोणत्याच बाजूने लेखी नकार दिला नाही तर करार आपोआप एक हंगाम वाढतो. आठ वर्षांहून जास्त नोकरी झाली असेल तर हीच मुदत आदल्या हंगामाच्या ३१ जुलैला संपते. नकार देण्याआधी गायिकेचं म्हणणं ऐकून घेणं ऑपेरागृहावर बंधनकारक आहे. त्या भेटीला एकटीने जाऊ नका, कलाकार संघटनेचा सल्ला घेऊन जा. धोका सर्वांत मोठा असतो तो संचालक बदलताना, कारण नवा माणूस आपले गायक घेऊन येतो. चांगलं गाणाऱ्यांचीही नोकरी तेव्हा जाते, आणि हे फार अन्यायाचं वाटतं.

नुसत्या मैफलींवरही मोठी कारकीर्द उभी राहते. मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या आवाजासाठी ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी खास रचना लिहिल्या. पगारी गायिकेला मात्र बाहेर गायला ऑपेरागृहाची रजा लागते, म्हणून डिसेंबरच्या चर्चमधल्या कार्यक्रमांचा अर्ज लवकर करा. बाखच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ या सहा भागांच्या धार्मिक गायनरचनेसाठी बोलावणं आलं तर कोणते भाग होणार ते आधी विचारा. पहिल्या तीन भागांत सोप्रानोला एकटीची आरियाच नाही. ती चौथ्या आणि सहाव्या भागात आहे.