लष्करातून आळंदीकडे

ग्वाल्हेरच्या ज्या भागात माझे सारे आयुष्य गेले त्याला लष्कर म्हणतात, कारण 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी तेथे पडली आणि पुढे ती उठलीच नाही. त्याच शिंद्यांच्या पदरी असलेले एक सरदार, साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा, गावी परतताना सातपुड्यात भिल्लांच्या हाती सापडले, कैदेत अखंड हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटका झाल्यावर आळंदीस येऊन माउलींच्या सेवेत राहिले, अशी परंपरेची कथा आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून शिस्तबद्ध दिंड्यांसह निघणारा आजचा सोहळा त्यांनीच एकोणिसाव्या शतकात सुरू केला. हे मला साठी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले तेव्हा मी आळंदीच्या महाद्वारात, त्यांच्या नावाच्या पायरीपाशी उभी होते.

मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्या घरात देव होते, पण ते सणावारापुरते. तानसेन समारोहाच्या आरंभी ढोलीबुवांची हरिकथा मी अनेकदा ऐकली, तीही गाण्याच्या ओढीने. पुण्याच्या जाऊबाईंच्या दिंडीत एक जागा रिकामी झाली आणि त्यांनी बोलावले म्हणून मी झेलम एक्सप्रेसने निघाले. श्रद्धेपेक्षा कुतूहल जास्त होते, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

चालण्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, तेव्हा दिवे घाटातील चढ, जेजुरीचा भंडारा आणि नीरेच्या पात्रातील पादुकांचे स्नान यांवर मी विस्ताराने लिहीत नाही. मला आत ओढून घेतले ते समाजआरतीने. मुक्कामाच्या तळावर पालखी पोहोचते, दिंड्या वर्तुळात उभ्या राहतात, आणि चोपदार दंड उंचावून हाळी देताच हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तेथे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. तोवर आरती होत नाही. त्यानंतर दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ आणि हरवल्या-सापडल्याची यादी सांगितली जाते आणि मगच आरती सुरू होते. लोणंदच्या तळावर एका दिंडीने असेच टाळ वाजवत ठेवले, कारण पाण्याच्या टँकरवरून काही बोलाचाली झाली होती. आयुष्यभर मी धर्म म्हणजे निमूटपणे मान डोलावणे असे समजत आले होते. येथे देवाच्या आरतीआधी माणसाच्या टँकरची तक्रार ऐकली जात होती, आणि पालखीतल्या माउलीही त्यासाठी थांबल्या होत्या. माझी श्रद्धा नेमकी केव्हा जागी झाली हे विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, जरी त्यांना एखाद्या साक्षात्काराची अपेक्षा असते.

रात्री बायकांच्या राहुटीत हरिपाठ झाला की मी चष्मा लावून अर्थाचे पुस्तक वाचू लागे. माण तालुक्यातील एक वयस्क मावशी, ज्यांना अक्षरओळख नव्हती पण सगळा हरिपाठ मुखोद्गत होता, त्या म्हणाल्या, "ताई, तुमी शिकलेल्या हायसा, तर मग अर्थ बी सांगा की." देवाच्या दारात क्षणभर उभे राहिले की चारी मुक्ती साधतात, असे पहिलाच अभंग सांगतो. मी त्या चार मुक्ती, सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता, वर्गात समजावून सांगावे तशा सांगितल्या. मावशींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मुक्तीचं ऱ्हाऊ द्या. दारात क्षणभर हुबं ऱ्हायला सवड कुठं असती? शेतातनं आलं की चूल, चुलीपुढनं सुटलं की गोठा. त्यो क्षण काढणंच अवघड हाय." यावर कोणत्याही टीकेत मला उत्तर सापडले नाही. पुढे रोज असेच होऊ लागले: मी वाचायचे आणि राहुटीतील बायका आपल्या संसाराची साक्ष काढून ते खोडून काढायच्या किंवा पुरे करायच्या.

भंडीशेगावच्या मुक्कामी आमच्या दिंडीचे वृद्ध विणेकरी म्हणाले, "माउली, हे आता तिकडं सांगा. तिकडं आम्ही कधी यायचं?" एवढेच. आषाढी एकादशीनंतर त्यांनी ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ मी गळ्यात घातली. माळेबरोबर एकादशीचा उपवास, वर्षाची वारी आणि मांसाहाराचा त्याग ही बंधने येतात. आमच्या मराठा घरात रविवारच्या मटणाला केवढा मान असतो हे जाणणाऱ्यांना शेवटच्या अटीचे वजन कळेल. पतीनी बंधन स्वीकारले नाही, पण माझे पातेले वेगळे ठेवले.

आळंदीची वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये स्थापन केली. तेथील चार वर्षांचा अभ्यासक्रम कोवळ्या मुलांसाठी आहे, माझ्यासाठी नाही. मी विणेकरीबुवांकडून फोनवर शिकत राहिले आणि ग्वाल्हेरातील एका दत्तमंदिराच्या सभामंडपात एकादशीला निरूपण सुरू केले. आमच्या मुलांना देवनागरी येते पण ज्ञानेश्वरांची मराठी येत नाही, म्हणून अर्थ मी हिंदीत सांगते. यावर समाजातील एका ज्येष्ठ काकांनी भर सभेत आक्षेप घेतला. नामदेवरायांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, ते पंजाबपर्यंत जाऊन तेथील लोकांच्या बोलीत बोलले, असे मी म्हटले. काकांचे समाधान झाले नाही, पण ते येतात, पुढेच बसतात, आणि पुढच्या वेळी नवा आक्षेप घेऊन येतात.

अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरीही मी जाते. तेथे प्रवचन नसते. ते सांगतील तो अभंग म्हणायचा आणि त्यांचे गाऱ्हाणे ऐकायचे. कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, द्रव्य घेऊ नये, ही तुकोबांची घालून दिलेली रीत मी पाळते, आणि हल्ली आगाऊ मानधन ठरवणाऱ्या बुवांचे कौतुक ऐकले की मला राग येतो. पाकीट पुढे करणाऱ्यांना मी त्या पैशांचे पुण्याचे तिकीट काढायला सांगते. त्यांतील काही जण यंदा खरोखर निघाले आहेत, आणि रोजच्या चालीची सवय व्हावी म्हणून आम्ही पहाटे उरवाई दरवाजाकडून किल्ल्याचा चढ चढतो. काका अजून फक्त पायथ्यापर्यंतच येतात.