पुरावा मान्य, मग गुन्हा कुठे गेला?

लहान मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक हल्ला होत नाही, असं म्हणणाऱ्या नागपूरच्या त्या निकालावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. २०२१ च्या जानेवारीत सगळ्या चॅनलवर 'स्किन टू स्किन' हेच चाललं होतं, लोक चिडले, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरले, मग दुसरं काहीतरी आलं आणि विषय मागे पडला. बातमी सगळ्यांनी वाचली पण निकाल फार कमी लोकांनी वाचला. मी दोन्ही वाचले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १९ जानेवारीचा आणि तो रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १८ नोव्हेंबरचा. मी वकील आहे, फौजदारी अपिलांचं काम करते, त्यामुळे वाचणं भागच होतं, पण खरं सांगायचं तर वाचून झाल्यावर जे डोक्यात बसलं ते टीव्हीवर कुणी बोललंच नव्हतं.

ते असं की उच्च न्यायालयाने त्या मुलीवर अविश्वास दाखवलाच नव्हता.

प्रकरण थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१६, नागपूर. मुलगी १२ वर्षांची. ओळखीच्या वस्तीतल्या एका माणसाने पेरू देतो म्हणून तिला घरात नेलं आणि तिच्याशी नको ते केलं. आई शोधत शोधत तिथे पोचली, वरच्या खोलीला बाहेरून कडी, आत मुलगी रडत होती. तिथून लगेच पोलीस स्टेशन, फिर्याद. यापेक्षा जास्त तपशील मी देणार नाही, गरजही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये विशेष न्यायालयाने पोक्सोच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम ८ खाली त्याला दोषी धरून ३ वर्षांची सक्तमजुरी दिली, सोबत भारतीय दंड विधानाची कलमं होतीच.

आरोपीने अपील केलं. तो त्याचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. उच्च न्यायालयाने आई आणि मुलगी दोघींची साक्ष ग्राह्य धरली, घटना घडली हे मान्य केलं. आणि मग म्हटलं की कपडे दूर केले होते का याचा नेमका तपशील पुराव्यात नाही, कपड्यांवरून झालेला स्पर्श हा पोक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही, थेट त्वचेचा त्वचेला स्पर्श हवा. कलम ८ मधून निर्दोष, फक्त विनयभंगाचं ३५४ आणि कोंडून ठेवल्याचं ३४२ कायम, शिक्षा ३ वर्षांवरून १ वर्षावर. कारण काय दिलं, तर शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तेवढाच कडक हवा.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण अपिलात नेमकं काय होतं हे बाहेरच्या माणसाला कुणी सांगतच नाही. लोकांना वाटतं पुन्हा खटला चालतो, पुन्हा साक्षीदार येतात. तसं काही नसतं. खालच्या कोर्टातलं रेकॉर्ड वर जातं, त्याची पेपर बुक, म्हणजे सगळ्या कागदांची एकत्र बांधलेली प्रत, तयार होते, आणि न्यायमूर्तींसमोर असतो तो फक्त कागद. मुलगी कशी बोलली, कुठे अडखळली, कुठल्या प्रश्नाला गप्प बसली, हे विशेष न्यायाधीशांनी पाहिलेलं असतं, वरच्या कोर्टाने नाही. त्या मुलीचं बोलणं कुणीतरी लिहून घेतलेलं, टाईप केलेलं, बऱ्याचदा भाषांतर झालेलं. पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि ते विचारतात, आक्रमक प्रश्न चालत नाहीत, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलवायचं नाही असंही तिथेच आहे. हे सगळं मुलाच्या भल्यासाठी आहे आणि मला ते पूर्ण पटतं. पण याचा अर्थ असाही होतो की जो प्रश्न त्या दिवशी विचारला गेला नाही त्याचं उत्तर रेकॉर्डवर कधीच येणार नाही. मग वर्षभराने वरच्या कोर्टाने म्हणायचं की अमुक तपशील नाही म्हणून गुन्हा बसत नाही, तर त्या पोरीने काय करायचं? तिला कुणी विचारलंच नसेल तर? आणि विचारायची गरज तरी का पडावी, कायद्यात तो तपशील मागितलेलाच नाही!

कलम ७ उघडून बघा. लैंगिक हेतूने बालकाच्या शरीराच्या ठरावीक भागांना स्पर्श करणं, किंवा लैंगिक हेतूने शारीरिक संपर्काचं दुसरं कुठलंही कृत्य करणं. बस. कपड्यांचा उल्लेख कुठेच नाही, त्वचेचा नाही. जो शब्द कायद्यात नाही तो निकालात आला आणि त्या एका शब्दावर ३ वर्षांचं १ वर्ष झालं. कलम ८ मध्ये कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं ही शिक्षा संसदेने ठरवलेली आहे, ती कडक वाटते म्हणून गुन्ह्याची व्याख्याच लहान करायची हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

याच निकालाच्या चार दिवस आधी, १५ जानेवारीला, त्याच एकल पीठाने, म्हणजे एकट्या बसणाऱ्या त्याच न्यायमूर्तींनी, गडचिरोलीच्या एका प्रकरणात असाच निर्णय दिलेला होता. तिथे मुलगी फक्त ५ वर्षांची. विशेष न्यायालयाने कलम १० खाली, म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत जो गंभीर प्रकार धरतात त्याखाली, ५ वर्षं दिली होती. अपिलात पोक्सोचं ते कलम गेलं आणि आरोपीने भोगलेला सुमारे ५ महिन्यांचा तुरुंगवास पुरेसा ठरला.

पुढे जे झालं ते सहसा होत नाही. देशाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वात वरचे वकील, तेव्हा के. के. वेणुगोपाल, स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २७ जानेवारीला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने त्या निर्दोषत्वाला स्थगिती दिली. मग राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकारचीही अपिलं आली. सुनावणीत वेणुगोपाल यांनी मांडलेला मुद्दा साधा होता, हा अर्थ धरला तर उद्या कुणी सर्जिकल ग्लोव्हज घालून हेच करेल आणि सुटेल.

न्यायमूर्ती उदय लळित, रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांनी नोव्हेंबरमध्ये दोन्ही निकाल फिरवले. मुख्य निकाल त्रिवेदींचा, भट यांनी सहमतीचा वेगळा लिहिला. गाभा असा की गुन्ह्याचा कणा हा लैंगिक हेतू आहे, त्वचेचा संपर्क नाही. कायदा ज्या कारणासाठी आणला तेच कारण मारून टाकणारा अर्थ कोर्टाने लावायचा नसतो. आरोपीच्या बाजूने असा युक्तिवाद होता की दंडाच्या कायद्यात शंका असेल तर फायदा आरोपीला द्यावा, त्यावर कोर्टाने म्हटलं की हा नियम खरोखर संदिग्धता असेल तेव्हा लागतो, इथे शब्द स्पष्ट आहेत. भट यांनी तर उच्च न्यायालयाच्या तर्काने मुलांशी होणारं वाईट वागणं क्षुल्लक ठरतं आणि एका अर्थी मान्य होतं अशी कडक भाषा वापरली, आणि ती वापरायलाच हवी होती. नागपूरच्या प्रकरणात ३ वर्षं परत आली, गडचिरोलीच्या ५.

तर मग सगळं ठीक झालं ना, असं लोक मला म्हणतात. मी तारखा मोजते. घटना २०१६, शेवटचा निकाल २०२१ च्या अखेरीस. १२ वर्षांची मुलगी १७ ची झाली. पोक्सोच्या कलम ३५ मध्ये बालकाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवा असं लिहिलंय, इथे विशेष न्यायालयातच तीन वर्षांहून जास्त गेली. आणि ती मुदत फक्त विशेष न्यायालयाला आहे, अपील किती दिवसांत संपवायचं याबद्दल त्या कायद्यात काहीच नाही. शिवाय हे प्रकरण देशभर गाजलं म्हणून दिल्लीपर्यंत पोचलं. रोज जी अपिलं कोर्टाच्या साध्या यादीत निकाली निघतात, ज्यांची बातमी होत नाही, त्यातल्या मुलांसाठी ॲटर्नी जनरल येत नाहीत.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. अपील बंद करा, आरोपीला लगेच लटकवा, असं म्हणणाऱ्यांमध्ये मी नाही. मध्य प्रदेशात खांडव्याचं एक प्रकरण आहे, २०१३ चं, लहान मुलीवर बलात्कार आणि खून. आरोप निश्चित झाल्यापासून १३ दिवसांत खटला संपवून फाशीची शिक्षा सुनावली गेली, आरोपीच्या बचावासाठी नेमून दिलेल्या वकिलाला कागद वाचायलाही वेळ नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि नव्याने खटला चालवायला सांगितलं, आणि ते खंडपीठसुद्धा लळितांचंच होतं. नव्या खटल्यात पुन्हा फाशीचीच शिक्षा झाली, ते प्रकरण परत वर गेलं, परत खाली आलं आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं! म्हणजे त्या मुलीला ज्याने मारलं तो कोण, हे घाईच्या तपासात आणि घाईच्या खटल्यात हरवलं. अपील नसतं तर एक निर्दोष माणूस फासावर गेला असता. त्यामुळे वरच्या कोर्टाने पुरावा पुन्हा तपासायलाच हवा, कसून तपासायला हवा, साक्षीत खोट दिसली तर सोडायलाही हवं. नागपूरच्या निकालावर माझा राग वेगळ्या कारणाने आहे, तिथे तपासून झाल्यावर पुरावा खरा ठरला होता.

आणि अपिलात मुलाच्या बाजूने बोलायला कोण असतं हा प्रश्न मला जास्त छळतो. सरकारी वकील असतात, पण त्यांच्याकडे एका दिवसात ढीगभर प्रकरणं. घरच्यांना तर अनेकदा माहीतच नसतं की अपील दाखल झालंय, शिक्षेला स्थगिती मागितली आहे, जामीन झाला आहे. गल्लीत तो माणूस परत दिसतो तेव्हा कळतं. माझ्याकडे असेच एक काका आले होते, मुलीची केस जिंकलो म्हणून पेढे वाटून बसलेले, आणि विचारत होते, "ताई, सजा झाली होती नं, मग हा बाहेर कसा फिरतो?" मला त्यांना शिक्षेची स्थगिती म्हणजे काय, अपील चालू असेपर्यंत शिक्षा थांबवता येते, हे समजवायला अर्धा तास लागला आणि ते उठून गेले तरी त्यांना पटलेलं नव्हतं. त्यांची चूक काहीच नव्हती. त्यांना सांगणं हे यंत्रणेचं काम होतं.

हे काम नियमात लिहिलेलं आहे बरं का. २०२० च्या पोक्सो नियमांमध्ये अटक, दाखल झालेले अर्ज, कोर्टातली पुढची प्रक्रिया हे सगळं मुलाला आणि पालकांना कळवायची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे नागपूरच्या त्या निकालानंतर तीनच महिन्यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका जनहित याचिकेत हेच बजावलं, पीडित बालकाच्या कुटुंबाला अर्जांची माहिती मिळाली पाहिजे आणि त्यांना म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. कागदावर हे आहे, आता ते प्रत्येक पोलीस ठाण्यात उतरायला हवं.

ज्यांच्या घरात अशी केस होऊन शिक्षा झाली आहे त्यांना मी हात जोडून सांगते, निकाल लागला म्हणून फाईल माळ्यावर टाकू नका. निकालाची नक्कल काढून ठेवा, दर महिन्या-दोन महिन्यांनी सरकारी वकिलांना किंवा तपास अधिकाऱ्यांना विचारा की अपील झालं का. झालं असेल तर आपला वकील उभा करता येतो, पोक्सोच्या कलम ४० मध्ये तो हक्क आहे. आणि आरोपी सुटला किंवा त्याचं कलम हलकं केलं गेलं तर पीडिताच्या बाजूनेही अपील करता येतं, त्यासाठी सरकारची वाट बघत बसायची गरज नाही. पैसे नाहीत म्हणून थांबू नका, महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि नागपूर खंडपीठातही विधी सेवा उपसमिती आहे, साधा अर्ज द्यायचा, सोबत निकालाची नक्कल जोडायची.