गिझर आणि नळ यांच्या मधलं पाणी

नळाखाली बोटं धरून गरम पाण्याची वाट पाहणारा माणूस दिसायला रिकामा दिसतो, पण तो फार कामात असतो. आलं का? नाही. आता? अजून गारच. मधेच गिझरला दोन शब्द सुनावूनही होतात. त्या बिचाऱ्याकडचं पाणी केव्हाच तापलेलं असतं. गार आहे ते वाटेतलं.

आणि ही वाट वाटते त्यापेक्षा बरंच पाणी पोटात ठेवते. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला ३०० मिलिलिटरच्या थोडं वर पाणी मावतं. गिझरपासून नळ १५ मीटरवर असेल, तर पावणेपाच लिटर पाणी मधे निवांत थंड होत पडलेलं. मिनिटाला ६ लिटरची धार असली तरी ते बाहेर पडायलाच पाऊण मिनिट लागतं. शिवाय मागून येणारं गरम पाणी आधी पाइप तापवतं आणि मग आपल्याकडे बघतं. पाणी वाचावं म्हणून बारीक धारेचा नळ बसवला, तर वाट पाहणं आणखी लांबतं.

मला जास्त चीड येते ती नुसते हात धुण्याची. गरम पाण्याचा नळ सोडायचा, गार पाण्यानं हात धुवायचे आणि नळ बंद करायचा. तेवढ्यात टाकीतून लिटरभर गरम पाणी पाइपात उतरलेलं असतं, ते तिथंच निवणार. तापवण्याचा खर्च झाला, ऊब कुणाच्याच हाताला लागली नाही.

यावर उपाय म्हणून पाणी फिरवणारा एक छोटा पंप मिळतो. पाइपातलं निवलेलं पाणी मोरीत सोडण्याऐवजी तो ते परत गिझरकडे धाडतो. उत्तम सोय म्हणजे परतीचा वेगळा पाइप, पण तो घर बांधतानाच टाकावा. नंतर भिंती फोडण्याची हौस कुणाला? राहत्या घरासाठी दुसरी युक्ती आहे. सगळ्यांत लांबच्या बेसिनखाली गरम आणि गार पाइप एका व्हॉल्व्हनं जोडायचे. निवलेलं पाणी गार पाइपातून मागे जातं आणि गरम पाणी येऊन पोचलं की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. हे ज्याला सुचलं त्याच्या आळसाला माझा नमस्कार.

मात्र पंप पाणी तापवत नाही, हे विसरू नये. तो रात्रंदिवस चालू ठेवला तर सगळा पाइप भिंतीतली लांबलचक शेगडी होऊन बसतो. २५ वॅटचा पंप दिवसभरात जेमतेम ०.६ युनिट वीज खातो. खरं नुकसान पाइपातून निसटणाऱ्या उष्णतेचं. म्हणून पाइपाला आधी जाड आवरण घालावं. मोठ्या हॉटेलांत पाणी अखंड फिरतं, पण तिथं कारण नुसत्या चैनीचं नाही. साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, म्हणून परतीचं पाणीही ५० अंशांच्या वर राखतात.

घरात टायमर लावता येतो, पण माणसं टायमरप्रमाणे उठत नाहीत. माणसाची हालचाल ओळखून चालू होणारे पंपही असतात. रात्री कुणी नुसतं बाथरूममध्ये डोकावलं, तरी ते तत्परतेनं कामाला लागतात. माझं मत बटणाच्या पंपाला. बटण दाबायचं, टॉवेल शोधायचा, पाणी आलं की पंप आपला आपण थांबतो. मिनिट तेवढंच जातं, फक्त ते टॉवेल शोधण्यात जातं.

घेताना पंपाचं अंग पितळी, ब्राँझचं किंवा स्टेनलेस स्टीलचं आहे ना ते बघावं. ताज्या पाण्यातल्या प्राणवायूनं साधं लोखंड गंजतं. टाकी नसलेला गिझर असेल तर आधीच विचारून घ्यावं, कारण ठरावीक प्रवाह मिळाल्याशिवाय तो पेटतच नाही आणि पंपाची संथ धार त्याच्या खिजगणतीतही नसते.

बेसिनखालच्या युक्तीत एक खोट आहेच. गार पाइपात परतलेलं पाणी कोमट असतं, त्यामुळे गार नळ सोडला की आधी तेच येतं. आता तोच माणूस त्या नळाखाली बोटं धरून उभा असतो. आलं का गार? नाही, अजून कोमटच.