तुमचं औषध बाजारात कधी येणार?

मी हायड्रोजेलवर संशोधन करते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुमचं औषध बाजारात कधी येणार?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट सांगते.

मुळात औषध माझं नसतंच. ते दुसऱ्या कुणी शोधलेलं, बऱ्याचदा जुनंच असतं. ते शरीरात कुठे आणि किती वेगाने सुटावं, एवढंच माझं काम. हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधून केलेलं जाळं. पाणी आत शिरतं, जाळं फुगतं, पण गाठी पक्क्या असल्याने विरघळत नाही. डायपरमधले पाणी शोषणारे कण याच जातीचे, डोळ्यांतल्या मऊ लेन्सही याच जातीच्या. असे पदार्थ शरीरात वापरता येतील हे प्रागच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम या रसायनशास्त्रज्ञांनी १९६० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टर्लेंनी मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून घरच्या घरी लेन्स ओतायचं यंत्र जुळवलं. अनुदानाच्या अर्जात उपकरणांची लांबलचक यादी भरताना मला हे हमखास आठवतं.

आता अडचण कुठे येते ते सांगते. साध्या औषधाचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा, आणि जाळ्याची भोकं सहसा त्याहून मोठी. म्हणजे औषध थांबायला तयारच नसतं. गाठी वाढवाव्यात, तर जेल ठिसूळ होतं आणि त्यात औषध भरणंच मुश्कील होऊन बसतं.

प्रयोगशाळेत आम्ही औषध भरलेली जेलची चकती ३७ अंश सेल्सिअसच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात ठेवतो. ठरावीक वेळाने त्यातलं एक मिलिलिटर काढायचं, तेवढंच ताजं बफर परत घालायचं आणि काढलेल्या नमुन्यात औषध किती आलं ते मोजायचं. सुरुवातीला दर काही मिनिटांनी, नंतर दिवसाकाठी एकदा. कागदावर महिनाभर पुरेल असं वाटणारं औषध पहिल्या तासातच भसाभसा बाहेर येतं. याला आम्ही 'बर्स्ट' म्हणतो. एक तर काही औषध पृष्ठभागालाच चिकटलेलं असतं; त्यात जेल वाळवताना बाहेर पडणारं पाणी आतलं औषधही कडेला ओढून आणतं. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ आधी नको इतका डोस आणि नंतर तुटपुंजा. माझी बरीचशी कारकीर्द या पहिल्या तासातच गेली आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो कंटाळवाणा वाटत नाही.

तापमान किंवा आम्लता बदलली की आपोआप आक्रसणारी 'स्मार्ट' जेलं तुम्ही वाचली असतील. पीएनआयपीएएम नावाच्या पॉलिमरचं जेल ३२ अंशांच्या आसपास पाणी टाकून देतं आणि पांढरं पडतं. बघायला झकास, विद्यार्थी तर प्रेमातच पडतात. पण शोधनिबंधांत त्यांचा जेवढा गाजावाजा झाला, त्या मानाने रुग्णापर्यंत पोचली ती साधीसुधी जेलंच. गर्भाशयाचं मुख मऊ व्हावं म्हणून प्रसूतीपूर्वी योनीमार्गात ठेवतात ती डायनोप्रोस्टोन या औषधाची पट्टी घ्या. तिच्यात १० मिलिग्रॅम औषध असतं आणि ते ताशी साधारण ०.३ मिलिग्रॅम या संथ गतीने सुटतं. पट्टीला एक लांब फीत असते. कळा फार जोरात यायला लागल्या की ती ओढून पट्टी काढून घ्यायची. एवढी साधी सोय, पण मला ती कुठल्याही स्मार्ट जेलपेक्षा हुशारीची वाटते.

माझ्या जेलला अशी फीत नाही. ते सुईने टोचायचं, आत गेल्यावर घट्ट होणार आणि हळूहळू विरून जाणार. मग रुग्णाला त्रास झाला तर औषध थांबवायचं कसं? माणसांवरच्या चाचण्यांची परवानगी मागताना हे विचारलं जाणारच. त्याआधी आणखी एक पेच आहे: निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरले तर साखळ्या तुटतात, आणि उष्णता दिली तर आतलं प्रथिनाचं औषध बिघडतं. सध्या घटक वेगवेगळे गाळून निर्जंतुक करायचे आणि निर्जंतुक खोलीत एकत्र करायचे, असं चाललं आहे. ते जमलं, तर प्राण्यांवरच्या चाचण्या सुरू होतील. बाजार त्याच्याही कितीतरी पुढे, आणि तिथवर हेच जेल पोचेल असं मी कुणाला सांगत नाही.