क्रेगीबर्नला पाइन उपटायला गेलो होतो, जाणार असाल तर वाचून जा

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चहून स्टेट हायवे ७३ ने साधारण दीड तास. पोर्टर्स पास ओलांडला की टसॉक गवताचे पिवळट डोंगर लागतात आणि त्यात मधेमधे गडद हिरवे ठिपके, तेच कंटॉर्टा पाइन. आपल्याला लहानपणापासून 'झाडे लावा' शिकवलेलं, त्यामुळे पहिलं रोप उपटताना माझा हात खरंच अडला. पण मूळची उत्तर अमेरिकेतली ही झाडं १९५०-६० च्या सुमारास मातीची धूप थांबावी म्हणून इथे मुद्दाम लावली होती, आणि ती लहान वयातच शंकू धरतात, बी वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातं, मग गवत जाऊन नुसतं दाट पाइनचं रान होतं, ओढ्यांचं पाणी घटतं, आग लागली की आवरत नाही.

२०१६ पासून अशी झाडं काढायचा सरकारचा देशभराचा कार्यक्रम चालू आहे, दाट रानावर हेलिकॉप्टरने फवारणी वगैरे, पण विखुरलेल्या बारक्या रोपांच्या मागे माणसंच लागतात. आम्ही पाच-सहा पावलांवर एकेक जण असे रांगेत चढत होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, मी पहिल्या तासात हेच चुकलो: झाड जमिनीलगत कापायचं. बुंध्यावर एक जरी हिरवी काडी राहिली तरी तिथून परत वाढतं, म्हणजे तुमची मेहनत पाण्यात आणि पुढच्याला तेच झाड जास्त वेडंवाकडं झालेलं मिळतं. हाताने निघत असेल तर मुळासकट उपटाच. दुसरं, खात्री करून घ्या, कारण स्नो टोटारा नावाचं इथलंच झुडूप नवख्याला तसंच वाटतं; कंटॉर्टाच्या सुया दोन-दोनच्या जोडीने येतात आणि पिळलेल्या असतात, तेवढं बघायचं.

हातमोजे जाड घ्या, माटागौरीचे काटे आणि स्पिअरग्रासची टोकं पातळ मोज्यातून आरपार जातात. ऊन थंड हवेतही भाजतं, सनस्क्रीन लावाच. पाणी भरपूर, मोबाइलची रेंज धरून चालू नका. भारतातून जाणाऱ्यांनी ट्रेकिंगचे बूट आधी घासून धुवा आणि विमानतळावर डिक्लेअर करा, माती चालत नाही.

उतरताना घाई करू नका. चढताना गवताआड दडलेली रोपं वरून बघितलं की दिसतात, मला शेवटच्या उतारावरच अकरा सापडली.