लांबच्या काळज्या

दुपारी आडवी पडून मोबाईल चाळत असताना एक बातमी नजरेस पडली आणि झोप उडाली. '२०२४ वायआर४' नावाचा नुकताच सापडलेला लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के आहे, असे त्या बातमीत म्हटले होते. ही गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारीतली. लघुग्रह साठेक मीटरचा, म्हणजे एखादे शहर उद्ध्वस्त करील एवढा. जग बुडवण्याची त्याची ऐपत नव्हती. परंतु मला तेवढे पुरले. त्यानंतर काही दिवस, इतर लोक हवामान पाहतात तशी, मी सकाळी उठून ती टक्केवारी पाहत असे.

ही टक्केवारी आधी वाढते आणि मग एकाएकी कोसळते, याची मला आता सवय झाली आहे. नव्याने सापडलेल्या लघुग्रहाचा पुढचा मार्ग नेमका ठाऊक नसतो. तो एका रुंद पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढेच सांगता येते. निरीक्षणे वाढतात तसा हा पट्टा आकसत जातो, आणि जोवर पृथ्वी त्याच्या आत असते तोवर आकसलेल्या पट्ट्यातला तिचा वाटा मोठा मोठा होत जातो. मग एके दिवशी पट्टा आणखी अरुंद होतो, पृथ्वी त्याच्या बाहेर राहते आणि आकडा शून्यापाशी येऊन बसतो. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाबाबत हेच घडले होते. तेव्हा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत चढला होता. आता अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निमूटपणे निघून जाणार आहे. हे सारे ठाऊक असूनही २०३२ चा धोका टळल्याचे वाचले तेव्हा जे वाटले, त्याला सुटका म्हणता येणार नाही. पाहुण्यांसाठी घर आवरून ठेवावे आणि ते येत नसल्याचा निरोप यावा, तसे काहीसे वाटले.

या खोडीचे मूळ बहुधा शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात असावे. त्यात पृथ्वी मधोमध कापून दाखवलेली होती: आत पिवळा, भोवती केशरी, त्याभोवती लाल, आणि सर्वांत बाहेर एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे आपण राहतो ते कवच, असे बाईंनी सांगितले आणि त्या पुढच्या धड्याकडे वळल्या. मी मात्र वळले नाही. त्या दिवसापासून घरात मी टाच न टेकवता चालू लागले. धाकटा भाऊ पलंगावरून जमिनीवर धपकन उड्या मारी, तेव्हा माझा जीव गोळा होई. शेवटी त्याला दंडाला धरून मी ते चित्र दाखवले. त्याने ते नीट पाहिले आणि दुप्पट जोराने उडी मारली. आईकडे तक्रार नेली, तर ती म्हणाली, "अगं, इतकी वर्षं टिकलीय ती, आजचा दिवस टिकेल." खंडांखालचे हे कवच ३० ते ५० किलोमीटर जाड असते आणि त्याखालचा लाल रंगवलेला भागही बहुतांशी घट्ट खडकच असतो, हे चित्र काढणाऱ्याने तिथेच लिहिले असते तर माझ्या टाचांचे पुष्कळ श्रम वाचले असते.

आपत्तींच्या बाबतीत माझ्या आवडीनिवडीही आहेत. सूर्य पाचेक अब्ज वर्षांनी फुगून लाल होणार, ही मला काळजी करण्याजोगी गोष्टच वाटत नाही. इतक्या लांबच्या तारखेला मन लागत नाही. मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा २०१९ च्या अखेरीस एकाएकी मंदावला, तेव्हा मात्र तो आता फुटतो की काय म्हणून मी थंडीत गच्चीवर जाऊन उभी राहत असे. पुढे कळले की त्याने स्वतःच फेकलेल्या धुळीने तो झाकोळला होता. आणि अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ज्वालामुखीची 'मुदत भरली' असे कोणी म्हणाले की माझे डोके फिरते. त्याचे महास्फोट झाले ते २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. दोन अंतरांची सरासरी काढली तर ती सुमारे ७ लाख ३० हजार येते. म्हणजे ज्वालामुखी वेळापत्रक पाळतो असे मानले, तरी त्याच्या हाती अजून ९० हजार वर्षे आहेत. काळजी करावी, पण हिशेब तरी नीट करावा.

घरचे म्हणतात, दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतेस आणि लघुग्रहांची चिंता वाहतेस. त्यांचे खरे आहे. लांबच्या काळजीचे सुख हेच की ती आपल्याकडून काहीच मागत नाही. तेही आता पुरते राहिलेले नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी एक यान मुद्दाम डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर आदळवण्यात आले आणि जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक काळाने घटली. लघुग्रह ढकलता येतात म्हटल्यावर तेही दाताच्या दुखण्याच्या पंक्तीला येऊन बसले.

एका आपत्तीपाशी मात्र माझी ही चैन चालत नाही. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला. हजारो माणसे गेली, पायथ्याचे तांबोराचे राज्य नाहीसे झाले आणि तिथली भाषाही गेली. आधी कोणी लिहून घेतलेल्या काही शब्दांच्या यादीपलीकडे तिचे काही उरले नाही. स्फोटातला गंधकाचा वायू उंच वातावरणात जाऊन सूर्यप्रकाश अडवू लागला, आणि पुढच्या वर्षी युरोपात नि उत्तर अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. कारण कोणाला ठाऊक नव्हते. धूसर झालेल्या सूर्यावरचे डाग लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, आणि १८ जुलै १८१६ रोजी सूर्य विझणार, असे इटलीतून आलेले भाकीत पसरले होते. लोक त्या तारखेच्या धसक्याने घाबरून गेले होते. १९ जुलैला सूर्य नेहमीसारखा उगवला. पिके मात्र हाती आली नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत युरोपात कितीतरी माणसे भुकेने मेली.